लॉगबुकातली सही आणि वाचलेली नोंद: एमबीबीएसचा डिजिटल पोर्टफोलिओ कसा असावा?

गावभेट | ४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) शिकवते. विभागाच्या पाटीवर आता कम्युनिटी मेडिसिन असं लिहिलेलं आहे, पण मुलं आणि आम्हीही पीएसएमच म्हणतो. येत्या सत्रापासून दुसऱ्या वर्षाचं कागदी लॉगबुक बंद करून डिजिटल पोर्टफोलिओ (मुलाच्या कामाच्या नोंदी आणि अभिप्राय एकत्र ठेवायची ऑनलाइन जागा) सुरू करायचा असं आमच्याकडे ठरतंय आणि त्याचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय. इथे नाना क्षेत्रांतली शिकवणारी आणि शिकणारी माणसं आहेत, म्हणून धागा काढते.

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. २०१९च्या बॅचपासून देशभर एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. त्यासाठी तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने तीन खंड काढले. त्यांत प्रत्येक विषयातल्या क्षमता क्रमांक घालून दिल्या आहेत, सगळ्या मिळून दोन हजारांच्या वर. प्रत्येकीपुढे एक खूण असते. के म्हणजे माहीत आहे, केएच म्हणजे कसं करायचं ते सांगता येतं, एसएच म्हणजे करून दाखवता येतं आणि पी म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय करता येतं. ही उतरंड जॉर्ज मिलर यांनी १९९०मध्ये मांडलेल्या पिरॅमिडवरून आली. मला ती मनापासून पटते. शिरेत सुई लावण्यावर टीप लिहून दहापैकी आठ गुण मिळवणाऱ्याला सुई लावता येतेच असं नाही, हे कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टर सांगतील.

या क्षमता झाल्या की नाही, ते लॉगबुकात लिहायचं. रकाने असे: क्षमतेचा क्रमांक, काय केलं, तारीख, प्रयत्न कितवा, दर्जा (बी, एम, ई: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतका, अपेक्षेहून जास्त), शिक्षकाचा निर्णय (सी म्हणजे झालं, आर म्हणजे पुन्हा करा, आरई म्हणजे जादा शिकवणी घेऊन करा), सही, तारीख, अभिप्राय मिळाला का, आणि शेवटी विद्यार्थ्याची सही. कागदावर यात काहीच कमी नाही.

आता खरं सांगते. टर्म संपत आली की सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, दीडशे लॉगबुकं आणून टेबलावर ठेवतो. मी सह्या करायला बसते. एम, सी, सही. एम, सी, सही. उठेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. गेल्या वर्षभरात निर्णयाच्या रकान्यात मी एकदाही आर लिहिलेला नाही.

मार्चमध्ये एक गोष्ट घडली. आमच्या मुलांना गावातली तीन ते पाच कुटुंबं दत्तक दिलेली असतात. त्यांनी वर्षानुवर्षं त्याच घरी जायचं, तब्येती बघायच्या आणि नोंद ठेवायची. एका मुलीची एका घराबद्दलची नोंद होती: 'हिमोग्लोबिन ८.२. लोहाच्या गोळ्या व आहाराचा सल्ला दिला.' तीन भेटींत तीनदा हेच वाक्य आणि खाली तीनदा माझी सही. दुसऱ्या कामासाठी मी त्या गावात गेले तेव्हा सहज त्या घरी डोकावले. गोळ्या फडताळावरच्या डब्यात जशाच्या तशा होत्या. बाई म्हणाल्या, "घेतल्या की शौचाला काळं होतंय, मी घाबरले. त्या पोरीला कसं सांगू, लाज वाटली." लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे वाक्य त्या मुलीने दिलं असतं तर सहा महिने वाया गेले नसते. आणि तिने लिहिलेलं मी पहिल्याच वेळी वाचून "बाई गोळ्या घेतात का, हे कशावरून कळलं?" एवढं विचारलं असतं, तरीही गेले नसते.

म्हणून माझा मुख्य प्रश्न सॉफ्टवेअरबद्दल नाही. पोर्टफोलिओ कोण वाचणार, कधी वाचणार आणि वाचून काय करणार? ज्यांनी हे केलंय, भोगलंय, त्यांनी कृपया लिहा.

---

सरावपाठ | ४ जुलै, रात्री १०:२५

ताई, मी बीएड महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे ही वाट फार जुनी आहे. पाठ टाचण, सराव पाठ, निरीक्षण वही, छात्रसेवाकालाचा अहवाल. नाव वेगळं असलं तरी पोर्टफोलिओच तो. विद्यार्थी शिक्षकाने फळ्यासमोर काय केलं, त्याचं टाचण काय होतं, निरीक्षकाने काय लिहिलं, पुढच्या पाठात काय बदललं, हे सगळं एका ठिकाणी.

पण एक धोक्याची सूचना देते. २०१०मध्ये आपल्या राज्यात शाळांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. कल्पना सोन्यासारखी. काही वर्षांतच तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरू लागल्या. 'कथा आवडीने ऐकतो.' 'गटकार्यात सहभाग घेतो.' विषयवार, इयत्तावार, उतरवून काढायला तयार. चाळीस मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या, प्रत्येक सत्राच्या नोंदी एका माणसाने कशा कराव्यात याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. शिक्षक आळशी होते असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्या हातात तेवढे तास नव्हते.

तुमच्या आराखड्यात पहिल्या पानावर तास लिहा. बाकीचं नंतर.

---

नाइट_ड्यूटी | ४ जुलै, रात्री ११:५०

मॅडम, मी सध्या इंटर्न आहे, सीबीएमईच्याच, म्हणजे या क्षमताधारित अभ्यासक्रमाच्याच, बॅचचा. विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो, मनात काही न ठेवता.

लॉगबुक आम्ही कधीच त्या दिवशी भरत नव्हतो. कम्प्लीशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या एका खोलीत सगळे बसायचो, एकाचं पूर्ण असायचं, बाकीचे त्यावरून लिहायचे. तारखा वेगवेगळ्या दिसाव्यात म्हणून दोन रंगांची पेनं. कुणाला यात गैर वाटायचं नाही, कारण कुणी वाचत नाही हे पहिल्याच वर्षी कळलेलं असतं.

एकच अपवाद आहे. बालरोगाच्या पोस्टिंगला आमच्या एका असिस्टंट प्रोफेसर मॅडमनी सांगितलं होतं, "रोज एकच नोंद, चार ओळी, आणि उद्या सकाळी राउंडच्या आधी मला दाखवायची." एका बाळाला सलाइन लावताना मला तीनदा जमलं नव्हतं. चौथ्यांदा सिस्टरनी लावलं. मी तसंच लिहिलं. मॅडमनी वाचून विचारलं, "तिसऱ्यांदा सुई टोचायच्या आधी तू थांबून कुणाला बोलावलं का नाहीस?" मी उत्तर देऊ शकलो नाही. आज कॅज्युअल्टीत दुसऱ्यांदा चुकलं की मी हाक मारतो. साडेचार वर्षांच्या लॉगबुकातली ती एकच नोंद मला आठवते.

---

वर्कशॉप_नं_२ | ५ जुलै, सकाळी ७:१५

अभियांत्रिकीचा प्राध्यापक. आमच्याकडे हीच गोष्ट आकड्यांच्या रूपात आली. २०१४मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणारा करार) पूर्ण सदस्य झाला. त्याच सुमारास एनबीएच्या (नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन) मानांकनासाठी सगळीकडे फलिताधारित शिक्षण सुरू झालं. प्रत्येक विषयाची पाच-सहा फलितं, पदवीची तेव्हा बारा, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध दाखवणारा तक्ता, एक-दोन-तीन असे आकडे घालून. वर्षअखेरीस एक्सेल सांगतं, अमुक फलित २.४ साधलं.

हे २.४ कशातून येतं? पेपरातल्या प्रश्न क्रमांक तीनला किती मुलांना ठरावीक टक्क्यांवर गुण मिळाले, त्यातून. म्हणजे मोजणी तीच जुनी, लेखी परीक्षेची, फक्त वर नवा रकाना. मुलाने स्वतः काही बनवलं का, बिघडल्यावर दुरुस्त केलं का, याचा कुठेच पत्ता नाही. मानांकन समितीच्या आधीचे दोन महिने आम्ही कागद पूर्ण करण्यात घालवतो आणि तेवढे दिवस प्रयोगशाळेत कमी जातो. हे मी वैतागाने नाही, दुःखाने लिहितोय, कारण 'संघात काम करता येणं' आणि 'आयुष्यभर शिकत राहणं' ही त्या बारांतली फलितं मला खरोखर महत्त्वाची वाटतात. पेपरात ती दिसणं शक्यच नाही. ती दिसतील तर पोर्टफोलिओतच दिसतील.

तुमच्या पोर्टफोलिओतून सरासरी काढायचं बटण ठेवू नका, एवढंच सांगेन. एकदा सरासरी निघाली की तिच्या मागचं कुणी उघडून पाहत नाही.

---

जुना_सर्जन | ५ जुलै, दुपारी १:०५

चाळीस वर्षं शल्यक्रिया विभागात होतो, परीक्षक म्हणूनही भरपूर फिरलो. इथला सूर सगळा एका बाजूने चाललाय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

विद्यापीठाची लेखी परीक्षा कितीही वाईट असली तरी उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. तपासणाऱ्याला मुलगा कुणाचा, कुठल्या आडनावाचा, कुठल्या गावचा हे कळत नाही. मार्गदर्शकाने वाचायचा आणि ठरवायचा पोर्टफोलिओ आला की हे संरक्षण गेलं. ज्याचे वडील डॉक्टर, ज्याचं इंग्रजी सफाईदार, जो सरांशी मोकळेपणी बोलतो, त्याच्या नोंदी 'ई'. ज्याला समोर आल्यावर घाम फुटतो, त्याच्या 'बी'. अंतर्गत गुणांवर लोकांचा विश्वास का नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

क्षमता तपासायची असेल तर ऑस्की आहे. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५मध्ये मांडलेली पद्धत: स्थानकं लावा, प्रत्येक स्थानकावर ठरावीक वेळ, समोर तीच तपासयादी, सगळ्या मुलांना तेच काम. मुलगा बदलला तरी मोजपट्टी तीच राहते. तुम्ही सांगितलेल्या गोळ्यांच्या घटनेचं मलाही वाईट वाटलं, पण त्यावर उपाय म्हणून अन्यायाला नवं दार उघडू नये.

---

गावभेट | ५ जुलै, रात्री ९:१०

सर, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. पक्षपाताची भीती खरी आहे. ऑस्की आम्हीही घेतो आणि घेत राहू. तरी माझी अडचण सांगते. पाच मिनिटांच्या स्थानकावर मुलगा समुपदेशन सुंदर करतो, कारण तपासयादी त्याला पाठ असते: अभिवादन, ओळख, संमती, डोळ्यांत बघून बोलणं. त्याच मुलाने सहा महिन्यांत त्याच घरात चार वेळा जाऊन काय केलं, हे स्थानकावर दिसत नाही. मिलरच्या भाषेत तुमचं स्थानक 'करून दाखवतो' तपासतं. 'रोज करतो' हे तपासायला माझ्याकडे त्याच्या नोंदींखेरीज दुसरं काही नाही.

पक्षपातावर कुणी वाट काढली असेल तर मला ती हवी आहे.

---

मासकाठ | ६ जुलै, पहाटे २:३०

मी नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला असते, आरोग्य शिक्षणात काम करते. सर्जन काकांनी मांडलेल्या प्रश्नावर इथे बरीच वर्षं काम झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या विद्यापीठात सेस फान डर फ्लोइटेन आणि लॅम्बर्ट स्कूवर्थ यांनी २००५मध्ये एक मांडणी केली. तिचा गाभा असा: कुठलीही एक चाचणी, मग ती लेखी असो, ऑस्की असो की वॉर्डातलं निरीक्षण, पास-नापासाचा भार पेलू शकत नाही. म्हणून कुठल्याच एका नोंदीवरून मोठा निर्णय घ्यायचा नाही. प्रत्येक नोंदीतून मुलाला शिकायला मिळेल असा अभिप्राय द्यायचा, त्या साठवायच्या, आणि भरपूर साठल्या की त्या सगळ्यांवरून एका समितीने निर्णय घ्यायचा. साठवण्याची जागा म्हणजे पोर्टफोलिओ.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुलाचा मेंटॉर निर्णय घेत नाही. मेंटॉर वाचतो, भेटतो, विचारतो, मुलाची बाजू समितीला समजावून सांगतो, पण पास-नापास ठरवणारे दुसरे असतात. त्यामुळे मूल मेंटॉरसमोर चूक कबूल करू शकतं. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यापुढे कोण मोकळेपणाने लिहील?

नोंदी एकाच माणसाच्या नकोत. जॉन नॉर्सिनी यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत मिनी-सेक्स (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज) ही पद्धत आणली. शिक्षकाने खऱ्या रुग्णापाशी पंधरा-वीस मिनिटं उभं राहून पाहायचं आणि तिथल्या तिथे बोलायचं. त्यातही तत्त्व तेच: वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळे निरीक्षक, अनेक वेळा. एका निरीक्षकाचा कल असतोच. आठ-दहा जणांचे कल एकमेकांना बरेचसे छेद देतात.

आणि ज्ञानाची चाचणी इथे सोडलेली नाही. १९७७पासून प्रोग्रेस टेस्ट आहे, वर्षातून चार वेळा, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळ्यांना, आणि बरीच वर्षं सगळ्यांना तीच प्रश्नपत्रिका असायची. पहिल्या वर्षाच्या मुलाला थोडंच येतं, ते अपेक्षितच असतं. त्याचा आलेख चढतोय ना, हे पाहतात. तो आलेखही पोर्टफोलिओतच असतो.

एक मात्र सांगायला हवं. इथेही मुलं कुरकुरतात. नोंदी फार झाल्या की तीही यांत्रिक होतात, सगळा वेळ फॉर्म भरण्यात जातो म्हणतात. त्यामुळे कमी मागा.

---

पालक_२०२३ | ६ जुलै, सकाळी ८:००

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. या पोर्टफोलिओचा पीजीच्या सीटवर परिणाम होतो का?

---

नाइट_ड्यूटी | ६ जुलै, सकाळी ८:२०

नाही काका. नीट-पीजी म्हणजे दोनशे बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास. त्यात वॉर्डात काय केलं याला काहीच किंमत नाही. खरं दुखणं तेच आहे. तिसऱ्या वर्षापासून मुलं वॉर्डातून लवकर निघून लायब्ररीत जातात, इंटर्नशिपमध्येही मोबाइलवर प्रश्न सोडवत उभी असतात. आम्हाला वॉर्ड नकोसा झालाय असं नाही. ज्याचे गुण मिळतात तिकडे पाय वळतात. पोर्टफोलिओ चांगला झाला तरी ही ओढ राहणार, हे मॅडमनी आराखडा करताना धरून चालावं.

---

लीड्सकर | ६ जुलै, सायंकाळी ५:४५

मी इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत प्रशिक्षणार्थी डॉक्टर आहे. इथे ई-पोर्टफोलिओशिवाय पुढचं वर्ष मिळत नाही. दरवर्षी एक समिती तो पाहते आणि पुढे जायचं की नाही ते ठरवते.

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, ती म्हणजे चिंतनपर नोंदी आणि कायदा. २०११मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात एक सहा वर्षांचा मुलगा दगावला. उपचार करणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरवर खटला झाला आणि २०१८च्या जानेवारीत तिचं नाव डॉक्टरांच्या अधिकृत नोंदवहीतून काढलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पण दरम्यान तिने शिकण्यासाठी लिहिलेलं तिच्याविरुद्ध वापरलं गेलं, अशी चर्चा पसरली. तिच्या बाजूने लढणाऱ्या संस्थेने पुढे स्पष्ट केलं की ई-पोर्टफोलिओ न्यायालयात पुरावा म्हणून आलाच नव्हता. तोवर भीती बसली होती. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तेव्हापासून खऱ्या चुका लिहिणं सोडलं. सगळ्या नोंदी गुळगुळीत झाल्या. त्याच वर्षी इथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने आणि इतर संस्थांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली: रुग्णाची ओळख पटेल असं काही लिहू नका, घटनेचा तपशील थोडका ठेवा आणि त्यातून काय शिकलात यावर भर द्या. कौन्सिल स्वतः अशा नोंदी चौकशीसाठी मागत नाही. न्यायालय मात्र मागू शकतं.

गावभेट मॅडम, तुमचं काम गावात आहे. नाव काढलं तरी 'तिठ्यावरच्या घरातल्या, मुंबईला मुलगा असलेल्या आजी' म्हटलं की अख्ख्या गावाला कळतं. घरांचे, माणसांचे फोटो पोर्टफोलिओत चढवायला तर अजिबात परवानगी देऊ नका.

---

सर्व्हररूम | ६ जुलै, रात्री १०:३०

तांत्रिक बाजू मी सांगतो, विद्यापीठांची सर्व्हरव्यवस्था सांभाळतो.

'महारा' नावाची एक प्रणाली आहे, न्यूझीलंडमध्ये २००६मध्ये सुरू झालेली. माओरी भाषेत महारा म्हणजे विचार करणं, आठवणं. ती मुक्त स्रोत आहे, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीशी जोडता येते. तिची रचना मला आवडते, कारण पान विद्यार्थ्याचं असतं. कुणाला दाखवायचं आणि किती दिवस, हे तो ठरवतो. क्षमतांची यादी एका बाजूला आणि पुराव्यांची पानं दुसऱ्या बाजूला असा तक्ताही तिच्यात करता येतो.

मुक्त स्रोत म्हणजे खर्च नाही असं समजू नका. तिला एक माणूस लागतो. सुरक्षेचे अपडेट, बॅकअप, पासवर्ड विसरलेली मुलं. तो माणूस मंजूर करून घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. विकत घेत असाल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: मूल पास होऊन गेलं की त्याला त्याचा पोर्टफोलिओ पूर्ण, वाचता येईल अशा रूपात घेऊन जाता येतो का? उत्तर गोलमोल आलं तर पुढे बोलू नका. मुलाची पाच वर्षं एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर अडकता कामा नयेत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, संमती स्पष्ट शब्दांत घ्या.

आणि गावात रेंज नसते. नोंद फोनवर लिहून नंतर चढवता आली पाहिजे. नाहीतर पुन्हा तेच, आठवड्याने आठवून लिहिणं.

---

सरावपाठ | ७ जुलै, सकाळी ६:५०

एक विचारायचं राहिलं. मुलं नोंद कुठल्या भाषेत लिहिणार?

आमच्याकडे मी दोन तुकड्यांत फरक पाहिलाय. इंग्रजी माध्यमाच्या बीएडला येणारी, पण मराठीत वाढलेली मुलगी 'द लेसन वॉज इफेक्टिव्ह' लिहून थांबते. तिलाच मराठीत लिही म्हटलं की लिहिते: "मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता, त्याच्या शेतात त्या दिवशी पेरणी होती, त्याला मी अपूर्णांक कशाला शिकवत होते?" आपलं चुकलेलं माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतं. सर्जन सरांनी म्हटलेला सफाईदार इंग्रजीचा अन्यायही यातून थोडा कमी होईल.

---

नाइट_ड्यूटी | ७ जुलै, दुपारी ३:१०

सरावपाठ मॅडमना शंभर टक्के अनुमोदन. आणखी एक, जे इथे कुणी बोललं नाही. इंग्रजीत मागितलंत तर अर्धी मुलं चॅटजीपीटीकडून लिहून आणतील. माझ्या ज्युनिअर्सकडे आत्ताच 'धिस एक्सपिरियन्स टॉट मी द व्हॅल्यू ऑफ एम्पथी' अशी वाक्यं दिसतात, सगळ्यांची सारखी. पकडायला सॉफ्टवेअर लावू नका, त्यात निरपराध मुलंही अडकतात. समोर बसवून एक प्रश्न विचारा: त्या घरात पाणी कुठून भरतात? जो गेला होता तो लगेच सांगेल.

---

जुना_सर्जन | ७ जुलै, रात्री ८:३०

मेंटॉर आणि निर्णय घेणारे वेगळे ठेवायचे, ही मास्ट्रिख्टची गोष्ट मला माहीत नव्हती. असं असेल तर माझा मोठा आक्षेप निघतो. समितीपुढे नोंदी नावाशिवाय, फक्त क्रमांकाने जाव्यात, हे मात्र लेखी नियमात घाला. आणि ऑस्की ठेवा.

मिनी-सेक्सचं वाचताना आठवलं. आमचे सर कधीकधी नवख्या निवासी डॉक्टरामागे पडद्याआड उभे राहायचे आणि तो रुग्णाला काय सांगतो ते ऐकायचे. नंतर चहा पिताना एकच वाक्य बोलायचे. त्याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं.

---

वर्कशॉप_नं_२ | ८ जुलै, सकाळी ७:००

अमेरिकेतल्या मिलवॉकीतलं अल्व्हर्नो कॉलेज पाहा, मुलींचं. १९७३पासून तिथे श्रेणी नाहीत, आठ क्षमता आहेत आणि त्या पायरीपायरीने दाखवायच्या. त्यांची एक जुनी रीत मी माझ्या वर्गात उसनी आणली. पहिल्या सत्रात मुलीने केलेलं भाषण चित्रित करून ठेवायचं आणि पुढे ते तिलाच दाखवून तिच्याकडूनच मूल्यमापन करून घ्यायचं. मी लेथवरचं काम चित्रित केलं. पहिल्या आठवड्यातला आपला हात तिसऱ्या महिन्यात पाहून मुलं स्वतःच बोलायला लागली, मला फार सांगावं लागलं नाही.

---

गावभेट | ९ जुलै, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सगळ्यांचं वाचून आराखडा बराच बदललाय. ठरवलंय ते सांगते.

सरावपाठ ताईंनी म्हटल्याप्रमाणे आधी तास. दीडशे मुलं एका मेंटॉरकडे बारा याप्रमाणे वाटली तर तेरा मेंटॉर लागतात. एका मुलाशी महिन्यातून वीस मिनिटं म्हणजे मेंटॉरचे महिन्याला चार तास. हे चार तास वेळापत्रकात छापून यावेत, 'जमेल तेव्हा' नकोत, असं मी डीनना लिहून दिलंय. तेरा जण एकदम मिळणार नाहीत. म्हणून पहिली टर्म फक्त माझी बारा मुलं आणि फक्त दत्तक कुटुंबांचं काम. बाकीच्यांचं कागदी लॉगबुक तूर्त चालू राहील.

दर भेटीची एकच नोंद, मराठीत किंवा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. फोटो नाहीत, घराला क्रमांक. गुण नाहीत, सरासरी नाही. मी फक्त वाचणार आणि विचारणार. टर्मअखेरीस दोन दुसरे शिक्षक, नाव झाकून, 'झालं' की 'पुन्हा' ते ठरवतील. सर्व्हररूम, महारासाठी माणूस अजून मंजूर नाही, तोवर कॉलेजच्या मूडलवरच खासगी पानं करून घेतलीत.

---

गावभेट | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढते, कारण काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं की पुढे काय झालं.

सहा आठवडे झाले. बारांपैकी चार मुलं अजून 'सल्ला दिला' असंच लिहितात आणि वीस मिनिटं खाली मान घालून बसतात. दोघांनी पहिल्या भेटीतच सांगितलं की गुण नाहीत तर वेळ का घालवायचा. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. माझेही चार तास एका आठवड्यात शिबिरामुळे बुडाले आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांना घाईघाईत उरकलं, ते मला आवडलेलं नाही.

एक नोंद मात्र इथे देते, त्या मुलाच्या परवानगीने, थोडी कापून:

"घर क्र. ३. आजोबांचं बीपी १६८/९८ आलं. मी घरच्यांना दाब वाढलाय म्हणून सांगितलं, मीठ बंद करायला सांगितलं. होस्टेलवर आल्यावर नोंद लिहिताना आठवलं की बाही वर सरकवली होती ती दंडाला घट्ट बसली होती, हात हवेत होता आणि आजोबा पूर्णवेळ बोलत होते. आणि मी एकदाच मोजलं. पुस्तकात या सगळ्या गोष्टी आहेत, मला परीक्षेत आल्या होत्या. आता त्यांच्या घरी अळणी भाकरी-भाजी चालली असेल."

आम्ही वीस मिनिटांऐवजी पाऊण तास बोललो. दंड उघडा, हात टेबलावर टेकवलेला, पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा मोजायचं, हे त्याने माझ्यावरच करून दाखवलं. पहिला आकडा आणि दुसरा आकडा वेगळा आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. घरच्यांना काय सांगायचं हेही ठरवलं: आधी मोजताना माझी चूक झाली, पुन्हा मोजायला आलोय. दाब खरंच वाढलेला निघाला तर ओपीडीला न्यायचं. नसला, तरी मीठ बेताचंच बरं, पण अळणी खायची गरज नाही.

टर्मअखेरचा निर्णय दुसऱ्या शिक्षकांचाच, पण या एका नोंदीपुढे मी आर लिहिला, पुन्हा करा म्हणून. या वर्षातला माझा पहिला. त्याला वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्याने ते वाचलं, बॅग उचलली आणि विचारलं, "मॅडम, शनिवारी गावाला गाडी किती वाजता जाते?"